तिसऱ्या पाळीचा बाजा

मित्रांनो, मी एक जुना बाजा आहे. बाजा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे वरातीतली तुतारी आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी जपानात जन्मलेला, विजेवर आणि सेलवर चालणारा, बत्तीस पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. इंदूरला आल्यावर कुणी मला पेटी म्हटलं, कुणी पोंपों म्हटलं, आणि पंढरीनाथदादांनी (ते पुढे भेटतीलच) तर पहिल्याच भेटीत ‘हे डबडं’ म्हटलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगायचं तर घेतलं, पण बोलून दाखवलं नाही.

माझ्यात एक गुण आहे आणि तो मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मला कान आहे. लाल बटण दाबून माझ्यासमोर कसलाही आवाज करा, मी तो धरून ठेवतो आणि मग माझ्या प्रत्येक पट्टीतून वाजवून दाखवतो. डावीकडच्या पट्ट्यांवर तो जाडा आणि संथ होतो, उजवीकडच्या पट्ट्यांवर बारीक आणि घाईचा. मात्र आवाज दीड सेकंदाचाच हवा, आणि एका वेळी एकच. नवा धरला की जुना गेला. पोटातले सेल काढले की सगळंच गेलं. हसू नका. पाठ केलेली कविता परीक्षेच्या दारात विसरणारे तुमच्यातही आहेत.

मी इंदूरला एका डॉक्टरांच्या मुलासाठी आलो. त्या पठ्ठ्याने आठव्या दिवशी माझ्यावर ग्लासभर शिकंजी सांडली. दुधाची, केशर घातलेली, चांगली दाट. मला दुरुस्तीला वासुदेवरावांच्या दुकानात टाकलं आणि तेवढ्यात मुलाला व्हिडिओ गेम मिळाला, म्हणून मला न्यायला कुणी आलंच नाही. वासुदेवरावांनी तीनदा निरोप पाठवले, वर्षभर वाट पाहिली, आणि मग मला स्वतःच्या फळीवर ठेवलं. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

वासुदेवराव एका कापडमिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघायची, त्या रोषणाईच्या देखाव्यात राक्षसाचे डोळे मिचकावणं आणि मारुतीची शेपटी मोटरवर फिरवणं हे काम त्यांचं. मग मिल बंद झाली. त्याच सुमारास देशाचे दरवाजे उघडले म्हणे. रोज पेपरात तेच. शहरात नवीन साबण आले, नवीन थंड बाटल्या आल्या, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, आणि मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. वासुदेवराव म्हणायचे, ‘‘चौकीदार एकच असेल हो. तो तिकडचा दरवाजा उघडायला गेला, म्हणून जाताना इकडचा बंद करून गेला.’’ आणि परदेशीपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान थाटलं.

त्यांचे थोरले भाऊ पंढरीनाथदादा वरच्या मजल्यावर राहायचे. दादा त्याच मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे कापड विणायची लूम नीट चालते की नाही हे बघणारा माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी ते काम केलं. वासुदेवरावांना मिलमध्ये चिकटवलं तेही त्यांनीच. मिल गेली आणि दादांना एक विचित्र दुखणं जडलं. सगळं जग आपली थट्टा करतंय असं त्यांना वाटायला लागलं. दूधवाला सहज म्हणाला, ‘‘आज आराम से उठे, दादा?’’ तर दादांनी दूधवाला बदलला. न्हाव्याने विचारलं, ‘‘आजकल फुरसत में?’’ तर दादा अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आले. लग्नकार्यं सोडली, भजन सोडलं, रविवारचे पोहे-जिलबीसुद्धा सोडले. उरली होती फक्त मराठी समाजाच्या हॉलमधली गणपतीची आरती. वासुदेवरावांना रात्रंदिवस एकच घोर होता. ते मला पुसता पुसता पुटपुटायचे, ‘‘हेही सोडलं ना, तर आमचे दादा घरातल्या घरात संपून जातील.’’

आता तुम्ही म्हणाल, मग ‘तिसरी पाळी’ कुठून आली? सांगतो.

दुपारी दादा जेवून झोपले की दुकानाच्या मागच्या खोलीत तिघं जमायचे. एक वासुदेवराव. दुसरी यामिनी, म्हणजे दादांची मुलगी. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिसरा उदयसिंह, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्याचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आणि तो स्कूटरवर बसायचासुद्धा असा ताठ, की स्कूटरलाच आपण घोडा असल्याचा भास व्हावा. मिलमध्ये तीन पाळ्या असत. दोन दिवसाच्या, तिसरी रात्रीची. तर यांनी आपल्या उद्योगाला नाव दिलं ‘तिसरी पाळी’, आणि काम चालायचं भर दुपारी.

उद्योग काय, तर आवाज गोळा करायचे आणि त्यांचं गाणं करायचं. मिक्सरमध्ये चटणी वाटतानाचा आवाज. टेंपोचा हॉर्न. खजरान्याच्या गणपतीपुढची घंटा. ते आवाज मी गिळायचे, वासुदेवरावांनी माझ्या पट्ट्यांवर वाजवायचे, आणि उदयसिंहने त्यावर चित्रं लावायची. इंदूरच्याच लालबागेतल्या मेळ्यातला मोठा पाळणा त्याने उलटा फिरवून दाखवला, तेव्हा वाटलं माणसं आकाशातून घरी परत चालली आहेत. ही टेप ओळखीचा केबलवाला दोन सिनेमांच्या मध्ये दाखवायचा. पहिल्या दिवशी बऱ्याच घरांत लोकांनी टीव्ही बिघडला म्हणून त्याला थपडा मारल्या. चौथ्या दिवसापासून फर्माइशी यायला लागल्या.

पण आपण कोण हे तिघांनी कुणालाच सांगितलं नाही. उदयसिंहला भीती गिऱ्हाइकांची. वासुदेवरावांना भीती दादांची आणि यामिनीला बाबांची, म्हणजे दोघांना एकाच माणसाची. दादांना मिलचा विषयच सहन होत नव्हता. घरातली माणसं डबडी वाजवत बसलीत हे कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून व्हिडिओत तिघं तोंडावर उशीचे अभ्रे उलटे करून चढवायचे. अभ्रे सुलोचनावहिनींचे, म्हणजे दादांच्या बायकोचे. न विचारता आणलेले. त्यांवर रेशमाने ‘शुभ रात्री’ असं भरलेलं होतं आणि नेमकं त्यातच डोळ्यांसाठी भोकं पाडली होती. वहिनी दोन वर्षं उंदरांना शिव्या देत होत्या.

दादांनी एकदा केबलवर ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘उशी डोक्याखाली घ्यायची असते. डोक्यावर घेणारे हे कोण दिवटे?’’

‘‘काय माहीत, बाबा,’’ यामिनी चहा देत म्हणाली. 

मग खंडेनवमी आली. मिलमधल्या लूम भंगारात जाणार हे नक्की झालं होतं. कामगारांनी विनंती केली, की जायच्या आधी यंत्रांची एक शेवटची पूजा करू द्या. फाटक दोन तासांसाठी उघडलं. वासुदेवराव मला पिशवीत घालून घेऊन गेले. उदयसिंह कॅमेरा घेऊन आला. त्या कॅमेऱ्याचा माइक केव्हाच मेला होता, कारण लग्नाच्या व्हिडिओत खरा आवाज कोण ऐकतो? दादा आपल्या बेचाळीस नंबरच्या लूमपाशी गेले. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. वीज नव्हती, तेव्हा त्यांनी चाक हाताने फिरवलं. वासुदेवरावांनी पिशवीतल्या पिशवीत माझं लाल बटण दाबलं. ‘खटाक्!’ धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी होडकं, या टोकाकडून त्या टोकाला गेला. आणि त्याच क्षणी उदयसिंह चांगलं चित्र मिळावं म्हणून धोट्याच्या वाटेत वाकला. धोटा सुटला तर माणसाचा डोळा नेतो. दादा ओरडले, ‘‘अरे हट भिया!’’

झालं. माझा दीड सेकंद भरला.

तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? मला जे ऐकू आलं ते मी धरलं. ‘खटाक्! अरे हट भिया!’ (भिया म्हणजे आमच्या इंदूरचा भय्या.) लूम आणि दादा एकमेकांना चिकटून आत आले. त्यांना वेगळं करायची सोय माझ्यात नाही. पुढच्या आठवड्यात लूम ट्रकमध्ये चढल्या. वासुदेवरावांनी माझ्या आवाजाची कॅसेटवर नक्कल काढून ठेवली होती, तिच्यावर सुलोचनावहिनींनी अथर्वशीर्ष टेप केलं. त्या मिलचा राहिलेला सगळा आवाज एवढाच, माझ्या पोटात. त्यानंतर अकरा महिने मला कुणी दुसरा आवाज ऐकवला नाही.

त्या दीड सेकंदावर त्यांनी एक गाणं बसवलं. वासुदेवरावांनी ते मुद्दाम संथ ठेवलं, दुःखाचं आहे म्हणून. उदयसिंहने बंद फाटक, कामगारांच्या जेवणाच्या डब्यांची रिकामी फळी, हळद लागलेलं चाक अशी चित्रं लावली. टेपवर फक्त चित्रं होती, आवाज वासुदेवराव दर वेळी माझ्यावर हातानेच वाजवायचे. मित्रांनो, मी बढाई मारत नाही, पण ते चांगलं झालं होतं. आणि ऐकून ऐकून तिघांच्या कानांना त्यातला ‘हट भिया’ दादांचा आहे हे जाणवेनासंच झालं होतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भाद्रपदात मराठी समाजाचे सेक्रेटरी अच्युतराव यांनी केबलवाल्यामार्फत निरोप पाठवला. गणेशोत्सवात सहाव्या दिवशी संध्याकाळी ‘तिसरी पाळी’ने हॉलमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रम करावा, तोंड झाकून केला तरी चालेल. यामिनी म्हणाली, ‘‘काका, मराठी समाज आहे. शेवटी एखादी मराठीत लाइन पाहिजे.’’ आणि तिने क्लासमधल्या कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मिलच्या लोकांची एक विनम्र चेष्टा.’

हसलात ना? पण यामिनी हिंदी शाळेत शिकली होती, आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिघांनी ती ओळ वाचली. तिघांनाही छान वाटली. मलाही वाटली, पण मी तर जपानी.

सहाव्या दिवशी हॉल खच्चून भरला. स्टेजवर एकावर एक तीन टीव्ही, बाजूला मी, आणि माझ्यामागे तीन अभ्रे. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे लक्ष्मीकांत सर, आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेले. चौथ्या रांगेत दादा. आधी जुन्या टेपवरून चटणीचं गाणं झालं, घंटेचं झालं, टाळ्या पडल्या. मग पडद्यावर मिलचं फाटक आलं. बसलेल्यांपैकी निम्मे लोक मिलचे होते.

वासुदेवरावांनी मधली पट्टी दाबली. ‘खटाक्! अरे हट भिया!’ मग डावीकडची. रेडा बोलल्यासारखं आलं, ‘हऽऽट भिऽऽया.’ मग उजवीकडची. कोंबडी बोलल्यासारखं, ‘हट्भिया!’ पोरं खदाखदा हसली. पोरांमागे आया हसल्या. मग सगळा हॉल. दादा तेवढे हसत नव्हते. त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला होता. आणि तेवढ्यात तिन्ही टीव्हींवर ती ओळ आली.

लक्ष्मीकांत सर ताडकन उठले. ‘‘थांबवा! गिरणी बंद पडलेल्या माणसांची चेष्टा? आणि तीही विनम्र?’’

‘‘सर, चेष्टा म्हणजे कोशिश,’’ मागून कुणी तरी म्हणालं.

‘‘कोशिश हा मराठी शब्द नव्हे!’’

‘‘मग ट्राय म्हणा ना सर.’’

‘‘चेष्टा म्हणजे थट्टा! टवाळी!’’

‘‘पुण्यात होत असेल. इथं नाही होत.’’

अर्धा हॉल सरांच्या बाजूने, अर्धा शब्दाच्या बाजूने. यामिनी अभ्र्यात तोंड दाबून बसली होती. खुलासा तिच्या जिभेवर होता, पण बोलली की बाबा आवाज ओळखणार. अशा गडबडीत दादा उभे राहिले.

‘‘हा आवाज माझा आहे,’’ दादा म्हणाले. ‘‘बत्तीस साल मी लूमसमोर उभा राहिलो. कुणाचं बोट जाऊ दिलं नाही, कुणाचा डोळा जाऊ दिला नाही. त्या आवाजाचं तुम्ही कोंबडं केलं?’’  ‘‘हसलात ते हसलात. आता तोंड तर दाखवा भिया.’’

तिन्ही अभ्रे तसेच राहिले. दादा दाराकडे वळले. जाता जाता म्हणाले, ‘‘अच्युतराव, उद्यापासून आरतीतून माझं नाव काढून टाका.’’

  वासुदेवरावांना ज्याची दोन वर्षं भीती होती तेच झालं होतं, आणि ते त्यांच्याच हातून झालं होतं. गप्प बसले तर दादा जाणार. तोंड दाखवलं तर सख्ख्या भावानेच आपली टवाळी केली हे घेऊन जाणार. मला वाटलं आता हा माणूस रडेल. त्यांनी अभ्रा ओढला. तो चष्म्यात अडकला. पुन्हा ओढला, तेव्हा चष्म्यासकट निघाला.

‘‘दादा, मी आहे. वासू.’’

‘‘आणि मी पण, बाबा,’’ म्हणत यामिनीने अभ्रा काढला. उदयसिंहने स्वतःचा काढला आणि एक कडक सलाम ठोकला. कुणाला, ते त्यालाच ठाऊक. बायकांच्या रांगेतून सुलोचनावहिनींची किंकाळी आली, ‘‘अगंबाई, माझे अभ्रे!’’

दादा दारातून परत आले, स्टेजवर चढले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ‘‘तू, वासू? तूसुद्धा?’’

‘‘थट्टा नाही हो दादा. आईशपथ नाही. शब्द चुकला. मला त्या लूमचा आवाज ठेवायचा होता, त्यात तुमचा आला.’’

‘‘पुसून टाक तो.’’

‘‘टाकतो.’’ वासुदेवरावांनी मला लगेच उलटं केलं आणि पोटाचं झाकण उघडलं. माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा. त्यांचा अंगठा पहिल्या सेलवर होता. ‘‘पण दादा, तुमचा गेला की लूमचाही जाईल. दोन्ही एकातच आहेत. दुसरीकडे कुठे तो उरलेला नाही. तरी तुम्ही म्हणाल तर काढतो. मला तुम्ही पाहिजे.’’

दादा माझ्या उघड्या झाकणावर वाकले. मग म्हणाले, ‘‘कोणती लूम?’’

‘‘बेचाळीस नंबर.’’

‘‘सीधा कर त्याला. वाजव एकदा. ते रेडा-कोंबडी नको.’’

वासुदेवरावांनी मधली पट्टी दाबली. ‘खटाक्! अरे हट भिया!’ पुन्हा दाबली. पुन्हा. दादांचा चेहरा हळूहळू बदलला. तो दुःखी झाला नाही. तो जॉबरचा झाला.

‘‘गाढवा,’’ ते म्हणाले, ‘‘ही काय चाल आहे? बैलगाडी हाकतोयस का? धोटा मिनिटाला एकशे साठ वेळा जायचा. एकोणीस साल मिलमध्ये काढलीस आणि एवढं ठाऊक नाही?’’

‘‘मी लाइटवाला होतो, दादा.’’

‘‘सरक.’’

आणि दादांनी उजव्या हाताचं एक बोट माझ्या मधल्या पट्टीवर ठेवलं. मित्रांनो, पट्टी पुन्हा दाबली की मी चालू आवाज तोडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. दादांचं बोट लूमच्या चालीने पडायला लागलं. खटाक् खटाक् खटाक् खटाक्. दोनदा खटाक् होण्याच्या मध्ये जागाच उरेना. ‘हट भिया’ तोंड उघडायच्या आत पुढचा धोटा सुटत होता. रेडा गेला, कोंबडी गेली, दादांचा आवाजही गेला. हॉलमध्ये फक्त बेचाळीस नंबरची लूम चालत होती. मिलची माणसं खुर्चीवरून उठली. एक म्हातारे गृहस्थ सवयीने शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलायला लागले, कारण लूमखात्यात तसंच बोलावं लागे. वासुदेवराव सगळ्यांसमोर रडत होते आणि त्यांना लाज वाटत नव्हती. मीही रडलो असतो, पण शिकंजीनंतर ओल मला सोसत नाही.

लक्ष्मीकांत सर स्टेजपाशी आले. ‘‘हा प्रयत्न खरोखर...’’ त्यांनी सुरुवात केली.

‘‘प्रयत्न नाही, सर,’’ दादा बोट न थांबवता म्हणाले. ‘‘माझ्या पोरीने लिहिलंय तेच म्हणा.’’

सरांनी वळून टीव्हीवरची ओळ पुन्हा वाचली. ‘‘चेष्टा उत्तम झाली आहे,’’ ते म्हणाले. हॉलने टाळ्या वाजवल्या.

मग दादांनी चाल हळू केली, थांबणारी लूम करते तशी. शेवटचं खटाक् वाजलं आणि त्यांनी बोट उचललं. मला आता कुणी तोडणार नव्हतं, म्हणून मी माझा दीड सेकंद पुरा केला. ‘अरे हट भिया!’

 सगळ्यांत आधी दादा हसले.

आज मी फार म्हातारा झालो आहे. सात पट्ट्या बोलत नाहीत, झाकण चिकटपट्टीवर आहे. यामिनीच्या घरी असतो. सेल बदलताना ती आधी वायर लावते, मग सेल काढते, आणि तेवढा वेळ घरात कुणाला विजेच्या बटणाला हात लावू देत नाही. मी स्वतःसाठी काही मागणार नाही. माझं सगळं व्यवस्थित आहे. पण मित्रांनो, तुमच्या गावातलं एखादं मोठं यंत्र भंगारात निघालं, तर त्याचा ट्रक सुटायच्या आत ते चालवणाऱ्या माणसाला गाठा. त्याला विचारा, की हे कसं चालायचं? तो बहुतेक तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या. जमलं तर टेप करून घ्या.